न फसवणारा खेळ

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सुरू केला की पहिल्या पडद्यावर फारसं काही नसतं. डावीकडे टोपी घातलेला, मिशाळ, बुटका माणूस उभा असतो आणि त्याचं तोंड उजवीकडे असतं. मागे एक टेकडी, एक झुडूप, वर ढग आणि समोर मोकळी जमीन. काय करायचं, कुठे जायचं, हे कुठेही लिहिलेलं नाही. तरीही ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा रिमोट हातात घेतला आहे, तेही दोनचार बटणं दाबून बघतं आणि उजवीकडे चालू लागतं.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी हा खेळ जपानमध्ये आला. म्हणजे त्याने आता चाळिशी ओलांडली. एवढ्या वर्षांत व्हिडिओ गेम कुठल्या कुठे गेले. पडद्यावरची माणसं खऱ्या माणसांसारखी दिसू लागली, एकेका खेळावर शेकडो लोक वर्षानुवर्षं राबू लागले. तरी हा लहानसा खेळ मागे पडला नाही. जुन्या आठवणी काढणारेच तो खेळतात म्हणावं, तर तसंही नाही. १९८५ साली ज्यांचे आईवडील शाळेत जात होते, ती मुलंही आज तो हातात घेतात आणि तासभर खाली ठेवत नाहीत. त्यांना कसल्या आठवणी असणार? म्हणजे ओढ खेळातच आहे. मला तिचं कारण एकच दिसतं: हा खेळ खेळणाऱ्याला फसवत नाही. तो अवघड आहे, पुढे पुढे तर घाम फोडतो. पण तो सरळ आहे. जे सांगतो तेच करतो, आणि जे करतो त्याची समज आधी देतो.

ही समज कशी देतो, ते पहिल्या अर्ध्या मिनिटात बघण्यासारखं आहे.

चालायला लागल्यावर थोड्याच अंतरावर प्रश्नचिन्हाचा एक चमकता ठोकळा हवेत दिसतो, आणि समोरून भुवया आवळलेला एक तपकिरी जीव चालत येतो. त्याचं नाव गुंबा. मूल नुसतं बघत उभं राहिलं तर गुंबा येऊन धडकतो आणि मारिओ मरतो. हा शत्रू, एवढं कळलं. नुकसान म्हणाल तर चार पावलांचं, कारण खेळ आत्ताच तर सुरू झालाय. पुढच्या खेपेला मूल उडी मारतं. उडी नेमकी गुंब्याच्या डोक्यावर पडली तर तो चपटा होतो. शत्रूला मारायचं कसं, हेही कळलं. उडी मारताना मारिओचं डोकं ठोकळ्याला लागलं तर खणकन नाणं निघतं. प्रश्नचिन्ह दिसलं की खालून ठोसा द्यायचा, हा नियम कायमचा बोटांत बसतो.

पुढच्या एका ठोकळ्यातून मशरूम निघतो. तो दिसायला थोडासा गुंब्यासारखाच, म्हणून मूल बिचकतं. मशरूम उजवीकडे सरकत जातो, खाली पडतो, हिरव्या पाइपला आपटतो आणि उलटा फिरून थेट मारिओच्या अंगावर येतो. डोक्यावर ठोकळ्यांची रांग असते, त्यामुळे उडी मारून निसटायलाही धड जागा नसते. नाही नाही म्हणता मशरूम लागतोच, आणि मारिओ दुप्पट मोठा होतो! ज्याला भ्यायलो ती चीज भल्याची निघाली. हे योगायोगाने घडत नाही. हा खेळ रचणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी ती जागा तशीच बेतलेली होती. पुढे मुलाखतींमध्ये त्यांनी ते उलगडून सांगितलं आहे. ही पहिली पातळी त्यांनी बाकीचा खेळ बराचसा तयार झाल्यावर रचली. गुंबा तर खेळात अगदी उशिरा आला. आधी केलेलं कासव नवख्या माणसाला पहिला शत्रू म्हणून जड जात होतं, म्हणून त्यांनी त्याच्याहून सोपा शत्रू घडवला. सोपं करणं हे काम शेवटी हाती घेतलं, कारण अवघड काय आहे ते आधी नीट कळायला हवं होतं. शिकवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

त्याच पातळीच्या शेवटाकडे पायऱ्यापायऱ्यांचे दोन उंचवटे समोरासमोर येतात. त्यांच्यामध्ये सपाट जमीन आहे. उडी चुकली तरी मारिओ खाली उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उडी मारतो. थोडं पुढे गेलं की तसेच दोन उंचवटे पुन्हा येतात. या वेळी मध्ये खड्डा असतो. उडी तीच, फक्त आता चुकली तर लाइफ जाते. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवणारा काका कमरेला बांधलेला दोर जसा हळूहळू सैल सोडतो, तसाच हा प्रकार. पोराला वाटतं आपण पोहतोय. दोर कधी सुटला ते त्याला कळतही नाही.

मियामोतो यांचा जन्म १९५२चा. क्योटोजवळच्या सोनोबे गावाभोवतीच्या रानात आणि डोंगरांत हिंडत त्यांचं लहानपण गेलं. शिक्षण औद्योगिक रचनेचं, हात चित्रकाराचा. ज्या निंटेंडो कंपनीत ते लागले ती १८८९ साली हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवण्यासाठी क्योटोत सुरू झाली होती. १९८१ साली ‘डाँकी काँग’ या खेळासाठी त्यांनी एक सुतार काढला. त्या वेळी एका आकृतीच्या वाट्याला मोजकेच ठिपके यायचे. ओठ काढता येईनात म्हणून मिशी आली आणि नाकही उठून दिसलं. उडी मारताना उडणारे केस दाखवता येईनात म्हणून टोपी आली. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून दोन रंगांचे कपडे आले. पुढे त्याचा प्लंबर झाला आणि मारिओ हे नाव जगभर गेलं.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची प्रत्येक पातळी आधी ग्राफ पेपरवर हाताने काढलेली होती. मियामोतो आणि तेझुका चौकोन भरत, दुरुस्त्या करत, आणि तोशिहिको नाकागो यांच्या गटातले प्रोग्रॅमर ते कागद यंत्राच्या भाषेत उतरवत. पूर्ण खेळाला मिळालेली जागा होती ४० किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एखादा साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा खातो. तेवढ्यात त्यांनी आठ जगं आणि प्रत्येकात चार, अशा बत्तीस पातळ्या बसवल्या.

ही काटकसर डोळ्यांसमोर असते, पण लक्षात येत नाही. मागचा ढग आणि खालचं झुडूप नीट निरखून बघा. आकृती एकच आहे. वर पांढरी, खाली हिरवी. गुंब्याच्या चालीसाठी वेगळी चित्रं नाहीत. एकच चित्र आरशातल्यासारखं डावंउजवं पलटत राहतं आणि आपल्याला दोन पाय टाकत येणारा जीव दिसतो. संगीताचंही तसंच. खेळाचे संगीतकार कोजी कोंदो यांच्या हाताशी एकाच वेळी वाजवायला मोजकेच सूर होते. मारिओ उडी मारतो तेव्हा उडीच्या आवाजासाठी त्यातलाच एक सूर घ्यावा लागतो आणि तेवढ्यापुरता तो गाण्यातून गळतो. कुणाच्या कानाला ते खटकत नाही, कारण ती चाल मुळातच मारिओच्या धावण्याशी आणि उड्यांशी जुळवून बांधलेली आहे. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ही चाल घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तिथे जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

पण या सगळ्याहून मोठी करामत आहे ती उडीची. बटण टिचकीसारखं दाबलं तर मारिओ जरासा उचलला जातो. धरून ठेवलं तर उंच जातो. पळत येऊन उडी मारली तर लांब जातो. हवेत असतानाही त्याला मागेपुढे थोडं वळवता येतं. जोरात पळताना एकदम मागे फिरवलं तर तो लगेच फिरत नाही, आधी घसरतो. पडद्यावरच्या त्या मूठभर ठिपक्यांना वजन आहे, हे बोटांना कळतं. दहाबारा डाव झाले की आपण बटणाचा विचार करणं सोडून देतो आणि नुसती उडी मारतो. पट्टीच्या वादकाला पेटीवरच्या पट्ट्या शोधाव्या लागत नाहीत, त्यातलाच हा भाग.

आणि म्हणूनच मारिओ खड्ड्यात पडला की मनातल्या मनात आपल्याला खरं कारण माहीत असतं. मी उशिरा उडी मारली. मी बटण लवकर सोडलं. मी नाण्याच्या लोभाने पुढे गेलो. गुंबा मघाशी होता तिथेच होता, खड्डाही तेवढाच होता. खेळाने आयत्या वेळी काही बदललं नाही. हातोडे फेकणारी कासवांची जोडी आहे खरी, जिचा नेम ओळखता येत नाही आणि जिच्यापुढे भले भले टेकतात. पण तीसुद्धा एकदा दिसली की पुढच्या वेळी त्याच जागी भेटते, आणि माणूस तयारीने जातो. हरल्यावर राग येतो तो स्वतःच्या बोटांचा, आणि त्या रागात एक आशा असते. चूक माझी असेल तर सुधारणाही माझ्याच हातात आहे. ‘अजून एकदा’ हे शब्द तिथूनच निघतात. हरवूनही माणसाचा स्वतःवरचा विश्वास वाढवणाऱ्या गोष्टी जगात फार थोड्या आहेत.

महाराष्ट्रात हा खेळ आला तो नव्वदच्या दशकात, आणि बहुतेकांकडे तो मूळ यंत्रातून आलाच नाही. निंटेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला बाजारात आल्या होत्या. शेकडो खेळ असल्याचं लिहिलेली पिवळी नाहीतर काळी कॅसेट त्यात खोचायची. त्या शेकड्यांत तेच ते खेळ फिरून फिरून यायचे. ज्याच्या घरी व्हिडिओ गेम, त्याच्या घरी मे महिन्यात आख्खी गल्ली. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. दिवाणावर, सतरंजीवर पोरं दाटीवाटीने बसलेली, आणि नियम एकच: लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हाती.

“ताई, त्या चौथ्या पाइपवर उभी राहा आणि खालचं बटण दाब.”

“काय होतं त्याने?”

“तू दाब तर खरं!”

ताई दाबायची. मारिओ पाइपमध्ये सर्रकन उतरायचा, खाली नाण्यांनी भरलेली खोली लागायची, आणि सतरंजीवर एकच गलका व्हायचा. ज्याला ही जागा आधी माहीत होती त्याचा त्या दिवशीचा मान मोठा. त्याला ती कुणी सांगितली होती? मावसभावाने. मावसभावाला? त्याच्या शाळेतल्या कुणीतरी. इंटरनेट नव्हतं, पुस्तक नव्हतं, आणि तरीही दुसऱ्या पातळीत छतावरून चालत गेलं की थेट पुढच्या जगांत नेणारे पाइप सापडतात, हे कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत पोरांना ठाऊक होतं. मियामोतो आणि तेझुका यांनी ही गुपितं पेरली, त्यांना कुठेही पाटी लावली नाही. शोधणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता. शोधल्यावर माणूस एकटा गप्प बसणार नाही, शेजारच्याला सांगणार, यावरही त्यांचा विश्वास होता. एकट्याने खेळायचा खेळ असा दहा जणांचा झाला.

असा विश्वास किती लांब जातो, ते आजच्या खेळाडूंकडे बघितल्यावर कळतं. हा खेळ कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत जगभर चालू आहे. पाइपांचे आडमार्ग धरून २०२१ साली एका खेळाडूने पहिल्यांदा तो ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला. तिथवर जाण्यासाठी लोकांनी खेळाच्या पोटात शिरून अभ्यास केला. त्यांना आढळलं की बहुतेक पातळ्या संपल्यावर पुढची पातळी आणायची का, हे खेळ दर २१ चित्रांनंतर एकदाच तपासतो. म्हणजे साधारण सेकंदाच्या एक तृतीयांशाने. ठरावीक वेळाने सुटणाऱ्या गाडीसारखं हे आहे: वेळेत पोचलात तर तीच गाडी मिळते, क्षणभर चुकलात तर पुढची. चाळीस किलोबाइटच्या वस्तूत माणसं चाळीस वर्षं शिकण्यासारखं शोधतात आणि त्यांना ते सापडतं. वस्तू लहान असली तरी ती किती मन लावून केली आहे, यावर तिचं आयुष्य ठरतं.

आता आजच्या मोबाइलकडे वळून बघू या. त्यावरच्या कित्येक खेळांची रचना मुलाला काय शिकवावं या विचारातून झालेली नसते; त्याला किती वेळ अडकवून ठेवता येईल, या विचारातून होते. पाचसहा पातळ्या मुद्दाम सोप्या, मग एक अशी की पैसे भरल्याशिवाय किंवा जाहिरात बघितल्याशिवाय सुटू नये. हरलात तर चूक काय झाली ते कळत नाही. जिंकलात तर आपल्या कसबाने जिंकलो की सोडतीने, तेही कळत नाही. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडतं, म्हणून मूल जेवता जेवता फोन उघडतं. मारिओने असं कधी केलं नाही. त्याने तीन लाइफ दिल्या, घड्याळ लावलं, आणि डाव संपला की ‘गेम ओव्हर’ म्हणून मोकळा झाला. यंत्र बंद केल्यावर तो हाका मारत बसला नाही. दुसऱ्या दिवशी आपण परत गेलो ते आपल्या ओढीने.

सगळे जुने खेळ चांगले होते, असं माझं म्हणणं नाही. त्याच काळातले शेकडो खेळ विसरले गेले आणि ते विसरण्याच्याच लायकीचे होते. अमेरिकेत तर १९८३ च्या सुमारास निकृष्ट खेळांनी बाजार इतका भरला की लोकांचा विश्वास उडाला आणि धंदा कोसळला. तो विश्वास परत मिळवण्यात या खेळाचा मोठा वाटा होता. तंत्रज्ञान तेव्हाही बरंवाईट दोन्ही घडवत होतं आणि आजही घडवतं. फरक पडतो तो बनवणाऱ्याच्या मनात समोरच्या माणसाबद्दल काय आहे, याने. ‘हा शिकेल, याला जमेल, याला शोधू दे’ असं मनात असेल तर हातून एक वस्तू घडते. ‘याला गुंतवू, याच्याकडून काढू’ असं असेल तर दुसरीच घडते. खेळाला हे जसं लागू, तसंच पाठ्यपुस्तकाला, शिकवणीला, सरकारी अर्जाला आणि घरातल्या बोलण्यालाही.

पहिल्या गुंब्याने मारलं तर नुकसान चार पावलांचं असावं. पहिली उडी सपाट जमिनीवर व्हावी, खड्डा नंतर यावा. नियम एकदा ठरला की मधेच बदलू नये. चुकणाऱ्याला आपलं कुठे चुकलं ते स्वतःला कळावं. आणि सगळंच सांगून टाकू नये. एखादा पाइप त्याचा त्याला सापडू द्यावा. वर्गात शिकवणाऱ्यांनी, घरी मूल वाढवणाऱ्यांनी, नव्या माणसाला कामाला लावणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुष्कळ होईल.

या सुट्टीत घरातल्या मुलाला हा खेळ एकदा लावून द्या आणि शेजारी बसा. ‘उडी मार’ म्हणून ओरडू नका, रिमोट हातातून घेऊ नका. त्याला दोनतीनदा मरू द्या. चौथ्या वेळी ते गुंब्याच्या डोक्यावर बरोबर उतरेल, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नसेल.